आंदणाची घागर परत गेली, त्याचा खुलासा

दारव्हा,
सोमवार, दिवेलागणी

आदरणीय बापूमामा,

अर्पिताचा तुम्हाला आणि मामींना सविनय जयभीम. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून जे आहे ते लिहिते. आईचं डोकं दुखतं. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलतात. अमरदादा जेवतो, पण भाजी कशी झाली ते सांगत नाही. या तिन्ही गोष्टींना मी कारण आहे. तुमची तब्येत कशी आहे? सुईत दोरा ओवायला अजून मामींनाच हाक मारता का? (मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचे दिवस गेले, मामा. हल्ली आधीच काढतात. गेल्या खेपेला तुम्ही माझ्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या लावल्या होत्या. मी काही बोलले नाही, कारण बाह्या सुंदर होत्या.) मामींचा गुडघा कसा आहे तेही कळवा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन दुकानात कायम स्पीकरवर असतो आणि तुमच्या मशीनसमोरच्या बाकावर दुपारभर मारोतराव मनवर बसलेले असतात. ते आता नुसते तुमचे शेजारी राहिले नाहीत, आमचे व्याही झालेत. त्यांच्या उर्वशीची आणि आमच्या अमरदादाची सोयरीक तुम्हीच त्या बाकावर बसून जुळवलीत. तेव्हा जे मला सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर स्पीकरवर सांगता येण्यासारखं नाही. ते त्यांच्याबद्दलच आहे. म्हणजे खरं तर माझ्याबद्दल आहे, पण रागावले ते आहेत.

एका ओळीत सांगायचं तर असं: लग्नानंतर वहिनी रीतीप्रमाणे चार दिवस दिग्रसला माहेरी गेली, शनिवारी आम्ही तिला आणायला निघणार होतो, आणि शुक्रवारी मनवरांचा निरोप आला की येऊ नका, पोरगी पाठवत नाही. घरात नवी सून येऊन पुरते आठ दिवस टिकली नाही, ती माझ्यामुळे. ती परत येईल की नाही हे आता तुमच्यावर आहे. पण तुम्ही काही बोलायच्या आधी नेमकं काय घडलं ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. (तुम्ही म्हणाल, पहिल्यापासून नको, कामाचं सांग. पण मामा, कामाचं कुठून सुरू होतं हेच मला कधी कळत नाही, म्हणून मी सावधगिरीनं आधीपासून सुरू करते.)

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात तुम्ही मला विचारलं होतं, पुण्याला नेमकं काय शिकून राह्यली तू? मी सांगायला लागले आणि पंगत बसली, म्हणून ते अर्धंच राहिलं. आता ते सांगितल्याशिवाय घागरीचं समजणार नाही. पेशी म्हणजे एकच खोली नसते. तिच्या आत कप्पे असतात, प्रत्येक कप्प्याला स्वतःचं पातळ पटल असतं, आणि त्या पटलात प्रथिनं रुतून बसलेली असतात. कुणी दाराचं काम करतं, कुणी पंपाचं, कुणी निरोप घेण्याचं. ही पटलातली प्रथिनं बहुतेक सगळी एकाच कप्प्यावर तयार होतात आणि तयार होता होताच पटलात शिवली जातात. (तुम्ही कॉलरमध्ये कॅनव्हास घालता तशी. वरून चिकटवलेली नव्हेत.) तिथून पटलाचाच एक बारीक फुगा सुटतो, त्याच्या भिंतीत बसून ती पुढच्या कप्प्यात जातात, आणि तिथं निवड होते: तू बाहेरच्या पटलावर जा, तू आतल्या कप्प्यात जा, तू चुकून आलास, मागे फिर. आता गंमत अशी की पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर नसतो. प्रथिन म्हणजे दुव्यांची साखळी, आणि पत्ता तिच्या अंगातच असतो, शेपटीकडच्या दोनचार दुव्यांत. मी ज्या प्रथिनावर काम करते त्यानं लायसोसोम नावाच्या कप्प्याच्या पटलावर बसायचं असतं. लायसोसोम म्हणजे जुनंपानं मोडून काढायची खोली. मी त्याच्या शेपटीतला एकच दुवा बदलते, तर ते तिथं न जाता पेशीच्या बाहेरच्या पटलावर जाऊन बसतं. त्याला हिरवी चमकणारी शेपूट जोडलेली असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते चुकीच्या जागी बसलेलं अगदी स्वच्छ दिसतं. हेच मी वर्षभर पाहते आहे. आईला वाटतं मी काहीतरी औषध शोधते आहे, आणि ती शेजारी तसं सांगते. मी तिला प्रत्येक वेळी दुरुस्त करते, त्यामुळे शेजारी आता आमच्याकडे कमी येतात.

मला हा विषय आवडला त्याला तुम्ही कारण आहात, हे मी कधी बोलले नव्हते. आम्ही दिग्रसला राहत होतो तेव्हा, शाळेत नाव घालायच्या आधी, आई मला तुमच्या दुकानात ठेवून कामाला जायची, तेव्हा तुम्ही कापडावर खुणा करायचा खडू माझ्या हातात देऊन चिंध्यांवर अक्षरं गिरवून घेतलीत. समोरची बाजू कोणती, मागची कोणती, हे तुम्ही खडूच्या खुणेनं ओळखायचात. खूण वाचली की तुकडा आपल्या जागी बसलाच पाहिजे, असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. यात तुमचा दोष नाही. पण अगदीच नाही असंही नाही.

तर लग्न झालं, पाहुणे गेले, वहिनी माहेरी गेली आणि मागच्या अंगणात भांड्यांचा ढीग उरला. आपल्याकडे लग्नाला भांडी कशी जमतात ते तुम्हाला ठाऊक आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक गंज, एक कोपर, चार बादल्या येतात, आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका कुणाचं काय ते पाहत बसत नाहीत. आई म्हणाली, ज्याचं त्याले पोचतं कर. मी जरा कुरकुरले, तेव्हा दादा म्हणाला, "वर्षभर पेशीतले पत्ते वाचून राह्यली ना? तिच्या पोटात एवढे कप्पे, तरी चूक होत नाही म्हनते. मंग तुले आपल्या गल्लीतले गंज काहून जमत नाही?" (पेशीत चूक होत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. होते, आणि ती निस्तरायची सोय असते, असं म्हटलं होतं. पण दादा अर्धंच ऐकतो.)

एकदा असं म्हटल्यावर मी ते काम पेशीच्या पद्धतीनं करायचं ठरवलं. भांड्यावर नाव कोरलेलं असतंच, ठिपक्याठिपक्यांचं. म्हणजे पत्ता अंगातच. मी नियम ठरवला: नुसतं नाव असेल तर ते मालकाचं नाव, भांडं त्या घरी जाईल. नावाबरोबर "सप्रेम भेट" असेल तर ते दादाला आलेलं, घरात राहील. पहिली बरीचशी भांडी अचूक गेली आणि मला जरा गर्व झाला. मग एक परातीसारखा मोठा कोपर निघाला, त्यावर "कालकथित तानाबाई यांच्या स्मरणार्थ". मी तो डोक्यावर घेऊन तानाबाईंचं घर विचारत दोन गल्ल्या फिरले. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, "तानाबाई तं मी हाफपँटीत होतो तवाच गेली बापा. तुले कोनं धाडलं तिच्याकडे?" कोपर विहारातला होता, सगळ्या गावाला ठाऊक होतं. या प्रकारानंतर कुणीही म्हटलं असतं की खुणेचा अर्थ घरातल्या माणसांना विचारून लावावा. मी मात्र असं ठरवलं की आपण पुरेशा काटेकोर नव्हतो, आता आणखी काटेकोर व्हायचं.

त्याच काटेकोरपणात मला पितळेची ती घागर सापडली. तिच्यासोबत एक मोठा गंज आणि एकात एक बसणारे डबे. सगळ्यांवर एकच: "मा. स. मनवर, दिग्रस". सप्रेम नाही, भेट नाही. मला वाटलं, व्याह्यांनी वऱ्हाडाबरोबर पाणी वगैरे आणायला भांडी आणली असतील आणि ती इथंच राहिली. परक्यांची भांडी इतके दिवस आपल्याकडे, या विचारानं मला घाम फुटला. आई बाहेर गेली होती. दादा फोनवर होता (कुणाशी ते चेहऱ्यावरून कळत होतं), त्याला मी विचारलं, मनवरांची भांडी पाठवू का? त्यानं हात हलवला. नंतर कळलं की तो "जा इथून" असा हात होता. मी तो "पाठव" असा वाचला.

आता रिकामं भांडं परत करायचं नाही ही आपली रीत, ती मोडायची नव्हती. म्हणून मी घागरीत उरलेली बुंदी भरली, चांगली गळ्यापर्यंत, आणि सगळं देवसिंगच्या जीपमध्ये चढवलं. देवसिंग दिग्रसच्या फेऱ्या करतो, माणूस भला आहे, पण त्याचा आवाज जीपच्या आवाजाच्या वर जायची सवय असलेला आहे. त्यानं मनवरांच्या फाटकासमोर जीप उभी केली, भांडी उतरवून ओळीनं मांडली, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "मारोतरावकाका, सोयऱ्याइनं भांडे वापस केले, मोजून घ्या!"

मामा, ते आंदण होतं. लेकीला दिलेलं. वहिनीच्या आईनं, रुखमाबाईंनी, संसार मांडला तेव्हाची पहिली घागर त्यांनी लेकीला दिली होती, आणि नवीन भांड्यांवर नाव घालणाऱ्यानं घागरीवरचं पाहून तसंच्या तसं उतरवलं होतं. देवसिंग परत आला तेव्हा नेहमीसारखा ओरडून बोलत नव्हता. म्हणाला, "बाई दारात आल्या, घागर पाह्यली अन् तिथंच पायरीवर बसल्या. मले वाटलं चक्कर आली. मंग बुंदी पाह्यली, अन् उभ्या राह्यल्या." बुंदीनं सगळं जास्त बिघडलं असं त्याचं मत आहे. नुसती भांडी आली असती तर चूक वाटली असती. गोड भरून पाठवली म्हणजे विचार करून पाठवली.

हे कळल्याबरोबर मी रुखमाबाईंना फोन केला. तो मी करायला नको होता, हे मला आता मान्य आहे. मी नुसती माफी मागायला हवी होती. पण चूक का झाली हे न सांगता माफी मागणं मला अपुरं वाटलं. म्हणून मी त्यांना सांगितलं की पेशीत दोन तऱ्हेच्या खुणा असतात, एक "अमक्या ठिकाणी जा" अशी आणि दुसरी "घर सोडून गेलास तर मागे ये" अशी, आणि मी पहिल्या जातीची खूण दुसऱ्या जातीची समजले. त्या ऐकून घेत होत्या. मला वाटलं त्यांना पटतंय. मग मी म्हटलं, तुमच्या भांड्यांना आम्ही टाकाऊ समजलो असं मुळीच मनात आणू नका, जे खराब झालेलं असतं त्याला पेशी वेगळी खूण लावते आणि मोडायच्या खोलीत पाठवते, परत पाठवत नाही. यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरगी बिघडली तं मोडाची खोलीबी हाय तुमच्याकडं?" आणि फोन मारोतरावांकडे गेला. ते एवढंच म्हणाले, "आमचे भांडे तुमच्या घरात मावत नाही, तं पोरगी कशी मावन?" यावर पेशीतलं उत्तर खरं म्हणजे होतं. पटलाची जाडी आणि प्रथिनाची लांबी जिथं जुळते तिथंही काही प्रथिनं आपोआप स्थिरावतात, खूण नसली तरी. पण ते सांगायच्या आधी बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तेव्हापासून दादा रोज पहाटे उजाडायच्या आत मोटरसायकल काढून दिग्रसला समजूत घालायला जातो आणि ऊन तापायच्या आत परत येतो. काय झालं विचारलं तर म्हणतो, आज थोडी सुधारणा आहे. बिचारा वाळला आहे. काल मात्र त्यानं एक डबा आणला, त्यांच्या भांड्यांबरोबर चुकून आमचाच एक गेला होता तो, आणि तो डबा शेवेनं भरलेला होता. आईनं झाकण उघडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडा जीव आला. म्हणाली, "खरंच तोडाचं असतं तं डबा रिकामा धाडला असता." मी शेव चाखली नाही. पण मलाही तसंच वाटतं. पेशीतही माल पोचवून रिकामा झालेला वाहक मागे येतो, कारण पुढची खेप न्यायची असते. वाहक मागे येतोय तोवर ये-जा चालू आहे असं समजायचं.

म्हणून मामा, हात जोडून विनंती. मारोतराव बाकावर येऊन बसले की त्यांना हे सगळं तुमच्या भाषेत सांगा. पेशी हा शब्द काढू नका. एवढंच सांगा की पोरीला नावं वाचता येतात पण माणसं अजून वाचता येत नाहीत, आणि ती घागर आमच्या घरात आली तर मी स्वतः रोज चिंचेनं घासेन. वहिनी आमच्याकडे होती ते चार दिवस घरात कसं हसणं होतं, ते तुम्ही पाहिलंय. ती आली नाही तर मी पुण्याला कुठल्या तोंडानं जाऊ? तिथं प्रथिनं जागच्या जागी बसवायची आणि इथं घरातलं माणूस जागेवरून उठवायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही.

मामींना नमस्कार, डोळ्यांकडे लक्ष द्या, आणि चुकलंमाकलं खडूनं दुरुस्त करून घ्या.

तुमची भाची,
अर्पिता

ता. क. हे पत्र देवसिंगच्या हाती देते आहे. तुमच्या दुकानाचा पत्ता त्याला तीनदा म्हणायला लावला आणि ओरडू नको म्हणून सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. (हा वेगळ्या कागदावर लिहिते आहे. वरचं पत्र मारोतरावांना वाचून दाखवलंत तर हा कागद आधी काढून ठेवा.) पाकीट बंद करणार तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती आणि मधूनच हसत होती, म्हणून मला आधी वाटलं रडते आहे. मामा, रुखमाबाईंचा राग दुसऱ्याच दिवशी उतरला होता. बुंदी त्यांनीच संपवली. वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा वहिनी पास झाली आहे आणि गुरुवारी यवतमाळला धावण्याची चाचणी आहे. मारोतरावांना वाटतं लग्न झालं म्हणजे पळणं संपलं, म्हणून ती त्यांना नकळत पहाटे मैदानावर पळते. आमच्याकडे आली असती तर पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांसमोरून ट्रॅक पँट घालून पहाटे पळायला जायची तिची हिंमत झाली नसती. ती म्हणाली, "अर्पिता, तू भांडे धाडले तवा मले वाटलं तू जानूनच केलं. एवढी हुशार ननंद भेटली म्हनून मी आईले सांगितलं, आता तू राग सोडू नको." मी जाणूनबुजून केलं नव्हतं हे मी तिला लगेच स्पष्ट केलं. ती म्हणाली, असू दे.

आणि दादा समजूत घालायला जात नाही. तो मैदानाच्या कडेला मोबाइलवर वेळ लावून उभा असतो. "थोडी सुधारणा आहे" म्हणतो ती तिच्या वेळेत आहे. मी त्याच्यासाठी रोज पहाटे उठून चहा करत होते.

तेव्हा माझी खरी विनंती ही: गुरुवारपर्यंत काहीही मिटवू नका. तुम्ही मिटवायला बसलात की अर्ध्या तासात मिटतं, ही तुमची खोड आहे. मारोतराव विरघळायला लागले तर त्यांच्या पँटचं माप घ्या, काजं दाखवा, काहीही करा, पण राग टिकवून ठेवा. चाचणी झाली की शुक्रवारी जे बोलायचं ते बोला, आणि वहिनी पास झाली तर तेही तुम्हीच त्यांना सांगा. आमच्यात कुणाची हिंमत नाही.

ता. क. तिसरा. बाबा आत्ताच कॅलेंडर सोडून माझ्याशी बोलले. विचारलं, मामाले सारं खरं लिहिलं ना? मी हो म्हटलं, आणि ते खरंच आहे. फक्त कुणी विचारलं तर हे पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळालं आहे.